होल्डची सगळी वाक्यं खरी

परदेशीपुरा, इंदूर
८ नोव्हेंबर १९५३

यशोमावशी,

नमस्कार, आणि तो वाकूनच केलाय. आई गेल्यापासून हट्ट करायला तूच एक उरली आहेस, म्हणून नमस्कारापाठोपाठ लगेच मागणं.

इथल्या टेलिफोनच्या कचेरीत बायका ऑपरेटर घेणार आहेत. ह्यांनीच पेपरातली जाहिरात कापून आणली आणि माझ्या पोळपाटाखाली ठेवली. मॅट्रिक पाहिजे, ती मी आहे. इंग्रजी बोलता आलं पाहिजे, ते मात्र तुला माहीतच आहे. मॅट्रिकला मी इंग्रजीत कशी सुटले ते तपासणाऱ्यालाच ठाऊक. लिहिलेलं वाचता येतं, मगर बोलायला गेलं की जीभ टाळूला चिकटून बसते. परीक्षा मार्चमध्ये आहे, तीही बोलायची. महूच्या एक मॅडम घेतात, बहोत कडक आहेत म्हणे.

तू जन्मभर नागपुरात मुलींना इंग्रजी शिकवलंस. मला पत्रातून शिकवशील? कितीही रागाव, मी चूं करणार नाही. सासूबाईंना अजून काही सांगितलेलं नाही. मी तुला लिंबाच्या लोणच्याची कृती विचारतेय असं त्यांना वाटतंय.

मला ही नोकरी पाहिजेच आहे, मावशी. का ते विचारू नकोस. बस, पाहिजे.

तुझी
कुमुद


नागपूर
१५ नोव्हेंबर १९५३

कुमे,

आशीर्वाद आहेतच, ते काय पळून जातायत! आधी कामाचं बोलू.

एवढ्याशा पत्रात मगर, बहोत आणि बस. अगं, तू मावशीला पत्र लिहितेस की सियागंजात सौदा करतेस? असो. इंदूरकरीण झालीस, त्याला माझा इलाज नाही.

घरबसल्या इंग्रजी शिकवणारी जी काय पुस्तकं जमवली असशील ती रद्दीत घाल. मी तुला एकच क्रियापद देणार आहे. एकच! त्याचा चोथा होईपर्यंत ते चघळायचं. इंग्रजांची ही बारकी क्रियापदं मोठी कामसू असतात. आपण नाही का एकाच सांडशीनं पातेलंही उतरवतो, खिळाही उपटतो आणि वेळ पडली तर सुपारीही फोडतो, तसं त्यांचं चालतं. तुझं क्रियापद होल्ड. हातात धरणं म्हणजे होल्ड हे तुला येतं. पण भांड्यात पाणी मावतं तेही होल्ड, सभा भरवतात तेही होल्ड, एखादं मत बाळगतात तेही होल्ड, जागेवर नेमणूक असते तेही होल्डच. आणि त्या टेलिफोनवाल्या दिवसभर ‘होल्ड द लाईन’ म्हणत असतात, ते तर तुझ्या पोटापाण्याचंच.

माझा नियम एकच आहे. वाक्य खरं पाहिजे. तुझ्या घरातलं, तुझ्या गल्लीतलं. ‘राजा तलवार धरतो’ असलं मला पाठवू नकोस, परदेशीपुऱ्यात कुठला आलाय राजा? खोटं वाक्य पाठ होतं पण तोंडात बसत नाही, हे मी ढीगभर मुलींवर पाहिलंय. आणि प्रत्येक वाक्य मोठ्यानं म्हणायचं. मनातल्या मनात इंग्रजी सगळ्यांनाच येतं.

का ते विचारू नकोस म्हणतेस. बरं बाई, नाही विचारत.

यशोमावशी


इंदूर
३० नोव्हेंबर १९५३

यशोमावशी,

नमस्कार. पकडले गेले!

तू मोठ्यानं म्हणायला सांगितलंस. बोलण्यासाठी तोंडापुढे काहीतरी पाहिजे, म्हणून मी चुलीजवळची फुंकणी उचलली आणि सुरू केलं, ‘हॅलो, होल्ड द लाईन प्लीज.’ मागे बघते तर सासूबाई, कमरेवर हात! ‘सूनबाई, फुंकणीतून कोणाशी बोलतेयस? डोकं ठिकाणावर आहे ना?’ मग सांगावंच लागलं सगळं. त्यांनी फुंकणी काढून घेतली, आणि चूल विझली त्याचा राग तो वेगळाच.

आता वाक्यं. सगळी खरी आहेत, शपथ.

‘आय होल्ड द फुंकणी.’ हे पहिलं, आणि आता ते खरं राहिलं नाही. ‘अवर हंडा होल्ड्स मच वॉटर.’ ‘आय होल्ड माय प्लेस इन द लाईन.’ हे नळावरचं, आणि इथे जागा धरून ठेवणं म्हणजे काय ते तू एकदा येऊनच बघ. ‘शशिकला होल्ड्स माय हंडा.’ शशिकला म्हणजे शेजारीण, तिचा मुलगा रडायला लागला की ‘आय होल्ड हर बेबी’. ‘मिल वर्कर्स होल्ड मीटिंग इन द चौक.’ ‘सासूबाई होल्ड्स ऑल कीज.’ आणि हे मी खास तुझ्यासाठी केलंय, ‘सासूबाई होल्ड्स दॅट गुड सूनबाई डझ नॉट टॉक टू स्ट्रेंज मेन इन वायर.’ त्यावर, ‘आय होल्ड माय टंग.’

शेवटचं, ‘ही होल्ड्स हिज चेस्ट ऑन द स्टेअर्स.’

एवढीच झाली. चुका सांग.

कुमुद


नागपूर
८ डिसेंबर १९५३

कुमे,

सासूबाईंचं वाक्य फर्स्ट क्लास! फक्त माणसं वायरीत नसतात, वायरीवर असतात, म्हणजे ‘ऑन द वायर’. त्या वाक्याला मी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या असत्या. त्यांना फुंकणी परत मागू नकोस, घासलेटच्या बाटलीवरचं नरसाळं घे. आवाजही मोठा निघेल.

आता कान इकडे कर. टेलिफोनचं काम म्हणजे नावांचं काम. पलीकडचा नाव सांगणार, तू ते स्वच्छ परत म्हणायचं. यापुढे प्रत्येक वाक्यात नाव पाहिजे. शशिकला आहे, छान. पण शेवटच्या वाक्यात आडपडदा का? तिथे नाव घाल. कुमुदिनीचा नवरा दिवाकर जिना चढताना छाती का धरतो? त्याची तिशी तरी उलटली का? न विचारण्याचं कबूल केलं होतं, ते आता मागे घेते. तुझ्या वाक्यानंच सांगितल्यावर मी काय डोळे मिटून बसू?

यशोमावशी


इंदूर
२० डिसेंबर १९५३

मावशी,

तुझा नियमच असला आहे की काही लपवता येत नाही.

हे मिलच्या कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजतात तिथे, जॉबर म्हणजे मुकादम आहेत. तिथे दिवसभर रुई उडते. घरी येतात तेव्हा पापण्या पांढऱ्या असतात. मी आधी हसायची, म्हातारे झालात म्हणून चिडवायची. आता हसत नाही. डॉक्टरांनी साफ सांगितलंय की हे खातं सोडा, नाहीतर छाती कामातून जाईल. दुसऱ्या खात्यात जागा नाही. नोकरी सोडली तर थोरल्या भाऊजींकडे बडवानीला जायचं. भाऊजी चांगले आहेत, नाही म्हणत नाही. पण तिथे आम्ही दोघं कायमचे आश्रित. ह्यांनी भावाच्या दुकानात पुड्या बांधायच्या, मी जाऊबाईंच्या हाताखाली पोळ्या लाटायच्या, आणि दोघांनी माना खाली घालून जगायचं. मला नाही जायचं बडवानीला. मला नोकरी लागली की हे दुसऱ्याच दिवशी मिल सोडू शकतात. झालं, सांगितलं सगळं. पत्र लिहिताना रडले, आता बरं वाटतंय.

नावाचं मात्र जमणार नाही. अख्ख्या गल्लीची नावं घालते, शशिकलाच्या सासऱ्यांचंसुद्धा घालते. ह्यांचं कसं घालू? लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. संक्रांतीला हळदीकुंकवाला बायका आग्रह करतात तेव्हासुद्धा मी लाडू तोंडात कोंबून वेळ मारून नेते. तू हसशील. हस. टेलिफोनवर माझा नवरा कशाला येतोय?

कुमुद


नागपूर
२ फेब्रुवारी १९५४

श्री. दिवाकर यांस,

तुमची मावस-सासू म्हणून नव्हे, कुमुदची शिक्षिका म्हणून लिहिते आहे. सबंध जानेवारीत मी तिला तीन पत्रं पाठवली. एकाचंही उत्तर नाही. माझी विद्यार्थिनी परीक्षेच्या तोंडावर अशी गप्प बसणारी नाही, म्हणजे तिला कोणीतरी गप्प बसवलेलं आहे. सासूबाईंचं मत मला माहीत आहे. तुमचंही तेच झालं असेल तर तसं स्पष्ट कळवा. बायकोच्या कमाईची लाज वाटते का तुम्हाला? तसं असेल तर मी स्वतः इंदूरला येऊन चार गोष्टी सुनावीन, आणि मी आवाज चढवला की मागच्या बाकावरच्या मुलीसुद्धा उठून उभ्या राहतात.

यशोधरा


इंदूर
९ फेब्रुवारी १९५४

ती. यशोमावशींना,

नमस्कार. आपलं पत्र वाचून मी अंथरुणातच उठून उभा राहिलो.

अंथरुणात, कारण संक्रांतीनंतर ताप भरला आणि छातीनं धरलं. कुमुद माझ्या उशापासून हलली नाही, म्हणून आपल्याला पत्र नाही. त्यात माझे थोरले भाऊ शरद बडवानीहून आम्हाला न्यायलाच आले. सामान बांधायला दोर घेऊन आले होते. मी पडल्या पडल्या हो म्हणून टाकलं. तेव्हा ही दारात उभी राहिली. घरात कोणासमोर वर बघून न बोलणारी ही, दादांना म्हणाली, ‘भाऊजी, मार्चपर्यंत थांबा. परीक्षेत नापास झाले तर मी स्वतः हा दोर आवळीन.’ दादा चकित! आणि आई काय म्हणाली असेल? ‘शरद, तू जेव आणि परत जा. तिला अभ्यास आहे.’

तेव्हापासून आमच्या घराचं टेलिफोन ऑफिस झालंय. कुमुद नरसाळं घेऊन आत बसते, मी पलंगावरून नंबर मागतो. आई फुंकणी घेऊन ओट्यावर बसते आणि तापट गिऱ्हाईक होते. ‘ए बाई, किती वेळ झाला, माझा नंबर कुठाय? तक्रार करीन!’ त्यावर ही एकदम शांतपणे ‘होल्ड द लाईन प्लीज, मॅडम’. आईला या कामात भलतीच गोडी लागली आहे. कुमुद जरा गडबडली की चुलीपुढून ओरडते, ‘प्लीज राहिलं!’

एकच अडचण आहे, ती मी आपल्याकडेच बोलतो. मिलच्या सगळ्या खात्यांतली नावं तिच्याकडून म्हणवून घेतली. माझं आलं की ‘मिस्टर अहो’ म्हणते आणि पदर तोंडाला लावते. आई तर तिचीच बाजू घेते, चांगल्या घरची सून नाव घेत नाही म्हणते. लग्नात तिनं घेतलं होतं खरं, पण नेमका तेव्हाच ताशा वाजत होता. मला काही ऐकू आलं नाही. आता आपल्यापासून काय लपवायचं, मलाही एकदा ऐकायची इच्छा आहे.

लाज वाटत नाही, मावशी. जाहिरात मीच कापून आणली होती.

आपला
दिवाकर


इंदूर
१६ मार्च १९५४

मावशी, मावशी, मावशी!

नमस्कार पुढच्या पत्रात दोनदा करीन. पास झाले!

आता सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तू म्हणशील वाक्यांचा क्रम चुकला.

ह्यांनी सायकलवर नेलं. बरं वाटत नसताना डबलसीट कशाला म्हटलं, तर म्हणाले, ‘आज तुला चालत जाऊन दमायचं नाही.’ सासूबाईंनी हातावर दही ठेवलं, आणि तुझ्यासारख्याच आवाजात म्हणाल्या, ‘प्लीज विसरू नकोस.’ हे खाली फाटकापाशी सायकल धरून उभे राहिले, मी वर गेले. पुष्कळ मुली आल्या होत्या. काही कॉन्व्हेंटमधल्या, फटाफट बोलणाऱ्या.

मॅडम तशा गोऱ्या, चष्म्यातून बघतात तेव्हा आपण काहीतरी चोरलंय असं वाटतं. आधी मला म्हणाल्या, इंग्रजीत पाच वाक्यं बोला, कुठलीही. मग डोळ्यांपुढे आपला नळ आला. म्हटलं, ‘आय होल्ड माय प्लेस इन द लाईन. शशिकला होल्ड्स माय हंडा. आय होल्ड हर बेबी.’ मॅडमनी मान वर केली. ‘माय मदर-इन-लॉ होल्ड्स ऑल द कीज. शी ऑल्सो होल्ड्स मेनी ओपिनियन्स.’ मॅडम हसल्या, मावशी! चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, ‘माइन टू.’

मग मला कानाला ते यंत्र लावून बसवलं आणि मॅडम पलीकडच्या खोलीत गेल्या. पलीकडून नाव यायचं, ते स्वच्छ परत म्हणून ‘होल्ड द लाईन’ म्हणायचं. माझ्या आधीची मुलगी, मराठीच, हातात हिरवा चुडा, नवं लग्न झालेली दिसत होती. ती दोन नावं छान बोलली, तिसऱ्याला मात्र तिनं लाजून यंत्रच काढून ठेवलं. मला कळेना हिला झालं काय.

माझी पाळी आली. पहिलं नाव बाबूराव, म्हटलं. दुसरं कुठलेसे सेठजी, म्हटलं. तिसऱ्याला मॅडमचा आवाज आला, ‘आय वॉन्ट मिस्टर दिवाकर.’

अर्जावरून बघून मुद्दाम मागितलं होतं गं त्यांनी! नंतर समजलं की त्या आधी ज्या गावी होत्या तिथल्या एक ऑपरेटरबाई नवऱ्याच्या नावाचा कॉल आला की शेजारणीच्या बोर्डावर ढकलायच्या, आणि शेजारीण चहाला गेलेली असली की गिऱ्हाईक लटकत राहायचं. तेव्हापासून त्या मराठी बायकांना हे नाव मागतातच.

मी खिडकीतून खाली पाहिलं. हे सायकल धरून उभे होते, आणि दुसरा हात छातीवर होता. मावशी, त्या क्षणी माझी लाज कुठच्या कुठे गेली. म्हटलं, ह्या एका नावासाठी तर सगळा खटाटोप, आणि तेच अडवतंय होय! घ्यायचंच. पण सवय अशी की तोंडातून सरळ निघेना. मग जसं निघतं तसं काढलं. उखाण्यात!

‘हंडा फुल ऑफ वॉटर, कॉपर हॅज अ शाईन,
मिस्टर दिवाकर इज कमिंग, प्लीज होल्ड द लाईन!’

मला वाटलं गेली नोकरी, बांधा दोर. तेवढ्यात मॅडम स्वतः दार उघडून आल्या आणि म्हणाल्या, पुन्हा म्हणा. मी पुन्हा म्हटलं. बोर्डावरच्या सगळ्या बायका वळून बघत होत्या, एक तर टाळी वाजवून मोकळी झाली. मॅडम म्हणाल्या, गिऱ्हाइकाला दर वेळी कविता ऐकवायची नाही, पण आवाज स्वच्छ आहे आणि डोकं जागेवर आहे. एक एप्रिलपासून या.

मी जिना कसा उतरले ते माझं मला माहीत नाही. ह्यांना सांगितलं तर ते सायकलची घंटाच वाजवत सुटले. रस्त्यातला एक जण म्हणाला, ‘क्या हुआ भिया?’ तर म्हणाले, ‘बायको पास झाली!’ घरी आल्यावर सासूबाईंनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या कमरेला खोचला आणि आत जाऊन डोळे पुसले. हे उद्याच मिलमध्ये राजीनामा देतायत. सियागंजात एका लोखंडी सामानाच्या दुकानात लिखापढीचं काम ठरतंय. पगार कमी आहे, मगर हवा स्वच्छ आहे.

उखाणा मात्र ह्यांना ऐकू गेला नाही. खूप मागे लागले, पुन्हा म्हण म्हणून. मी म्हटलं, एकदा घेतलं, आता वर्षभर काही नाही!

तुझी
कुमुद


नागपूर
२५ एप्रिल १९५४

कुमुदिनीबाई, ऑपरेटर, इंदूर,

आता तुला कुमे म्हणायची सोय उरली नाही.

दुपारच्या पाळीत तुला ट्रंकच्या, म्हणजे परगावच्या कॉलच्या बोर्डावर बसवलंय हे तुझ्या सासूबाईंनी कळवलं. हो, त्यांनी. आमचा पत्रव्यवहार वेगळा चालतो, तुला सांगायचं कारण नाही. दिवाकर ज्या दुकानात लागला तिथे टेलिफोन आहे, हेही त्यांनीच कळवलं. मग काल मी नवी साडी नेसून इथल्या मोठ्या पोस्टात गेले आणि इंदूरचा ट्रंक कॉल लावला. घरच्या माणसाला उगाच कॉल लावू नये असं माझं आयुष्यभर मत होतं. काल ते मत मी बदललं.

आता ऐक. तुला टेलिफोनचं इंग्रजी शिकवणाऱ्या या मावशीनं जन्मात टेलिफोन हातात धरला नव्हता. मी तो उलटा धरला. पोस्टातल्या माणसानं सुलटा करून दिला. आधी नुसती खरखर, मग एकदम लांबून, पण काचेसारखा स्वच्छ आवाज आला, ‘नागपूर, धिस इज इंदूर. हूम डू यू वॉन्ट, प्लीज?’

कुमे, तो तुझा आवाज होता आणि तू मला ओळखलं नाहीस. माझं इंग्रजी, माझा दरारा, सगळं विसरले. कसंबसं म्हटलं, सियागंज, मिस्टर दिवाकर.

मी श्वास धरून उभी. आणि मग तू म्हणालीस, उखाणा नाही, आडपडदा नाही, ‘मिस्टर दिवाकर, नागपूर इज ऑन द लाईन.’

पलीकडून त्याचा खोकला आला नाही, ते मी नीट कान देऊन ऐकलं. मग तो हळूच म्हणाला, ‘ऑपरेटर, नीट ऐकू आलं नाही. नाव पुन्हा सांगता का?’

तू पुन्हा सांगितलंस. त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. तू तिसऱ्यांदाही सांगितलंस, आणि शेवटी खुदकन हसलीस. तेवढ्यात वेळ संपली आणि लाईन कट झाली. मला दोघांपैकी कोणी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

पोस्टातला माणूस म्हणाला, बाई, तुमचं बोलणंच झालं नाही, फुकट गेला की कॉल. मी त्याला म्हटलं, गप्प बसा. माझी भाची तिथे नोकरीला आहे.

यशोमावशी